मृगया, पारध आणि शिकार : महाराष्ट्रातील रानच्या अन्नाचा इतिहास

रानातले सावज मारून अन्न मिळवण्याच्या कृतीला मराठीत प्रामुख्याने तीन शब्द आहेत आणि या तिन्ही शब्दांची घरे वेगवेगळी आहेत. ‘मृगया’ हा संस्कृत शब्द राजांच्या, काव्यांच्या आणि शास्त्रग्रंथांच्या जगातला आहे. ‘शिकार’ हा फारसी शब्द सुलतानांच्या दरबारातून मराठीत आला आणि पुढे सरदार, संस्थानिक व इंग्रज साहेब यांच्या बंदुकीशी जोडला गेला. तर ‘पारध’ हा शब्द खेड्यापाड्यांचा, डोंगरवस्त्यांचा आणि भटक्या पालांचा राहिला. भाषाशास्त्रज्ञांनी पारध या शब्दाचे मूळ प्राकृतातील ‘पारद्धि’ आणि त्यामागील संस्कृत ‘पापर्द्धि’ या शब्दात दाखवले आहे. पापर्द्धि म्हणजे शब्दशः पापाची वृद्धी. कृती एकच असताना राजा ती करतो तेव्हा तिला करमणूक म्हटले जाते आणि पोटासाठी करणाऱ्याच्या बाबतीत मात्र तिच्या नावातच पाप भरले जाते, ही गोष्ट महाराष्ट्रातील रानच्या अन्नाचा इतिहास समजून घेण्यासाठी फार महत्त्वाची आहे. कोणते प्राणी खाल्ले गेले, एवढ्या प्रश्नाने हा इतिहास पूर्ण होत नाही; ते धरण्याचा आणि खाण्याचा हक्क कोणाचा मानला गेला, हा त्याचा खरा गाभा आहे.

उत्खननातील हाडे

शेतीचा उदय होण्यापूर्वी दख्खनच्या पठारावरील माणूस हजारो वर्षे शिकार, मासेमारी आणि कंदमुळे यांवरच जगत होता. जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथील उत्खननात शहामृगाच्या अंड्यांच्या कवचाचे मणी आणि कोरीव नक्षी असलेला कवचाचा तुकडा मिळाला. त्यांचा काळ सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा मानला जातो. त्या काळी या प्रदेशात शहामृग वावरत होते आणि माणूस त्यांच्या अंड्यांचा उपयोग करत होता, हे त्यावरून सिद्ध होते.

शेती आल्यानंतर शिकार संपली, असा समज मात्र पुराव्याला धरून नाही. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी असलेल्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांच्या मार्गदर्शनाखाली विस्तृत उत्खनन केले. इ. स. पूर्व १६०० ते ७०० या सुमारे नऊशे वर्षांत तेथे शेतकऱ्यांची वस्ती होती. हे लोक सातू पिकवत होते आणि गायीगुरे, शेळ्यामेंढ्या पाळत होते; तरीही त्यांच्या उकिरड्यांत आणि चुलींच्या परिसरात पाळीव जनावरांच्या हाडांबरोबर हरणे, कासवे आणि मासे यांचे अवशेष आढळले. इ. स. पूर्व १००० नंतरच्या, म्हणजे ‘उत्तर जोर्वे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या काळात पाऊसमान घटले, शेतीला ओहोटी लागली, मोठ्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि लोकांचा भर पशुपालनावर व शिकारीवर वाढला, असे ढवळीकर यांचे प्रतिपादन आहे. दुष्काळी प्रदेशातील शेतकऱ्याला रान हे दुसरे कोठार असते, आणि पीक बुडाले की माणूस त्या कोठाराकडे वळतो. पुढील तीन हजार वर्षांत दख्खनमध्ये हा क्रम पुन्हा पुन्हा दिसत राहिला.

राजाज्ञा, शास्त्र आणि करुणा

शिकारीवरील निर्बंधाचा महाराष्ट्राच्या भूमीवरील एक अतिशय जुना लेखी पुरावा सोपारा येथे मिळतो. आजच्या नालासोपारा परिसरात भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला. याच लेखात अशोकाने असे सांगितले आहे की, पूर्वीचे राजे विहारयात्रा करत व तीत मृगया आणि तत्सम करमणुकी चालत. आपण मात्र त्यांच्या जागी धर्मयात्रा सुरू केली. पहिल्या शिलालेखात त्याने स्वतःच्या स्वयंपाकघराचाच हिशेब मांडला आहे: पूर्वी तेथे कालवणासाठी रोज लाखोंनी प्राणी मारले जात, लेख लिहिला तेव्हा ही संख्या दोन मोर आणि एक हरीण एवढ्यावर आली होती, हरीणही नेमाने मारले जात नव्हते आणि पुढे हे तीनही प्राणी मारले जाणार नव्हते. मोर आणि हरीण हे दोन्ही रानचे जीव होत. राजाच्या ताटात त्यांचे स्थान किती पक्के होते, हे सर्वांत शेवटी सुटणाऱ्या पदार्थांची ही नोंदच सांगते.

धर्मशास्त्रकारांनी याच विषयाकडे भक्ष्य आणि अभक्ष्य अशा विभागणीतून पाहिले. ‘पंचनख’ म्हणजे पाच नखांचे प्राणी सामान्यतः अभक्ष्य ठरवताना स्मृतिकारांनी काही प्राण्यांचा अपवाद केला. ससा, साळिंदर, घोरपड आणि कासव यांची नावे या अपवादांच्या याद्यांत ठळकपणे येतात. वाल्मीकी रामायणात मरणोन्मुख वाली रामाला जाब विचारताना याच नियमाचा आधार घेतो आणि वानराचे मांस खाण्यास योग्य नसताना आपल्याला का मारले, असा त्याचा प्रश्न असतो. सह्याद्रीतील आणि पठारावरील गरीब समाजांनी अगदी विसाव्या शतकापर्यंत जे लहान प्राणी प्रामुख्याने खाल्ले, त्यांतही ससा, साळिंदर, घोरपड आणि कासव हेच होते. म्हणजे पुढील काळात ज्या खाण्याला हीन लेखले गेले, ते प्राचीन शास्त्राच्या दृष्टीने निषिद्ध नव्हते.

सातवाहनकालीन परंपरेशी निगडित असलेल्या ‘गाहा सत्तसई’ या महाराष्ट्री प्राकृतातील गाथासंग्रहात व्याध, त्याची बायको आणि त्याचे घर यांना आदराचे स्थान आहे. तेथील व्याध प्रेम करणारा, दमणारा आणि लेकराबाळांत रमणारा माणूस आहे. त्याच्या व्यवसायाबद्दल कवी कुठेही नाक मुरडत नाही. तेराव्या शतकातील महानुभाव पंथाच्या ‘लीळाचरित्र’ या ग्रंथात मात्र वेगळा सूर लागतो. पारध्यांच्या कुत्र्यांपुढे धावणारा ससा चक्रधरस्वामींच्या आश्रयाला येतो आणि स्वामी त्याला वाचवतात, ही त्यातील लीळा प्रसिद्ध आहे. जैन आचार, महानुभावांची अहिंसा आणि पुढे वारकऱ्यांच्या माळेबरोबर आलेला मांसवर्जनाचा नेम यांमुळे मराठी समाजाच्या मोठ्या भागात रानच्या मांसाविषयी संकोच निर्माण झाला. करुणेच्या या परंपरेचे मोल मोठे आहे; परंतु जो समाज शेतीवाचून आणि गुरांवाचून जगत होता, त्याच्यासाठी पर्यायी अन्नाची सोय या परंपरेने केली नाही, हेही तितकेच खरे आहे.

सोमेश्वराचे ताट

मध्ययुगीन दख्खनमधील शिकार, मासेमारी आणि रानच्या मांसाचा स्वयंपाक यांची सर्वांत तपशीलवार माहिती देणारा ग्रंथ म्हणजे कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमारास रचलेला ‘मानसोल्लास’ किंवा ‘अभिलषितार्थचिंतामणी’ होय. कल्याणी म्हणजे कर्नाटकातील आजचे बसवकल्याण. चालुक्यांच्या सत्तेखाली आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग होता आणि मराठीतील काही अत्यंत जुन्या पद्यपंक्ती याच ग्रंथात आढळत असल्याने मराठी भाषेच्या अभ्यासकांनाही तो परिचित आहे. वीस अध्यायांचा एक विभाग, ज्याला ग्रंथकाराने ‘विंशती’ म्हटले आहे, असे पाच विभाग मिळून त्याचे शंभर अध्याय होतात. गजानन श्रीगोंदेकर यांनी संपादित केलेली त्याची आवृत्ती बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतून तीन खंडांत प्रसिद्ध झाली.

या ग्रंथातील ‘मत्स्यविनोद’ हा अध्याय गळाने मासे धरण्याविषयी आहे. त्यात माशांची विभागणी समुद्रातले व गोड्या पाण्यातले, खवल्यांचे व बिनखवल्यांचे, मोठे व लहान अशी केली आहे. कोणत्या माशाला कोणते आमिष लावावे, दोरी कशाची आणि किती मजबूत असावी, काठी कशी धरावी आणि गळाला लागलेल्या माशाला केव्हा सैल सोडून केव्हा ओढावे, याचे वर्णन आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या अध्यायाचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा बाराव्या शतकातील राजाच्या निरीक्षणाची अचूकता आधुनिक विज्ञानाच्या लक्षात आली. ‘मृगयाविनोद’ या अध्यायात शिकारीचे अनेक प्रकार सांगितले आहेत. शिकवलेल्या हरणाच्या साहाय्याने रानटी हरणांना जवळ आणण्याची युक्तीही त्यांत आहे.

‘अन्नभोग’ या अध्यायात स्वयंपाक येतो. रानडुकराचे केस काढण्यासाठी त्याच्यावर कापड घालून कढत पाणी ओतावे किंवा मातीचा लेप देऊन गवताच्या जाळात भाजावे, अशा दोन रीती तेथे दिल्या आहेत. मांसाचे तुकडे शिगेवर ओवून निखाऱ्यावर भाजण्याच्या प्रकाराला ‘भडित्रक’ असे नाव आहे, आतड्यात सारण भरून शिजवण्याचा प्रकार आहे आणि रक्त घालून केलेला ‘कृष्णपाक’ही आहे. कासव भाजून त्याचे कवच काढावे आणि मग ते तेलात शिजवावे, असे राजा सांगतो. नदीकाठच्या शेतात वाढलेल्या काळ्या उंदरांना कढत तेलात वा पाण्यात धरून त्यांचे केस काढावेत, पोट साफ करावे आणि मग आंबट व मीठ घालून शिजवावे किंवा सळईवर भाजावे, अशीही कृती त्यात आहे. या सगळ्या पदार्थांत मिरची नाही, कारण मिरची पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात भारतात आली. तिखटपणा मिऱ्यांचा आणि आल्याचा, वास हिंगाचा आणि आंबटपणा फळांच्या रसाचा आहे.

शेतातील उंदीर हे चालुक्य सम्राटाच्या ताटातील मानाचे अन्न होते, या वस्तुस्थितीचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. याच सह्याद्रीच्या पायथ्याशी कातकरी आणि पठारावर वडार हे समाज शेतातील उंदीर खातात म्हणून त्यांना पिढ्यान्पिढ्या हिणवले गेले. पदार्थ तोच आहे आणि त्याची भाजण्याची रीतही जवळजवळ तीच आहे; बदलला तो खाणारा. एखादे अन्न हीन ठरते ते त्याच्या गुणांमुळे नव्हे, तर ते खाणाऱ्याच्या सामाजिक स्थानामुळे, याचा याहून स्पष्ट पुरावा दख्खनच्या इतिहासात क्वचितच मिळेल.

पारधीची साधने आणि पारधीचे नियम

पारध हा ज्यांचा वंशपरंपरागत व्यवसाय होता, त्यांत पारधी समाज सर्वांत ठळक आहे. फासे लावणारे ते फासेपारधी, गावालगत स्थिरावलेले ते गावपारधी आणि चित्ता शिकवून त्याच्याकरवी हरणे मारणारे ते चित्तेपारधी, अशी त्यांच्या शाखांची नावे त्यांच्या कसबावरूनच पडली. फासेपारध्यांची वागरी बोली गुजरातीला जवळची आहे आणि ‘वागुरा’ म्हणजे जाळे या संस्कृत शब्दाशी तिच्या नावाचे नाते जोडले जाते. काळविटासाठी लांब दोरीला ओळीने तातीचे फास बांधून ती दोरी खुंट्यांनी जमिनीवर रोवायची आणि कळपाला घाई न करता त्या बाजूला वळवायचे. तित्तरासाठी पिंजऱ्यात पाळलेल्या तित्तराला बोलते करायचे आणि त्याच्या आवाजाला उत्तर देत आलेला रानटी पक्षी फासात अडकवायचा. माळावरच्या सावजाजवळ जाण्यासाठी शिकवलेल्या गाय-बैलाच्या आडोशाने चालायचे, अशा त्यांच्या युक्त्या होत्या. या सर्वांमागे प्राण्याच्या स्वभावाचे, वाऱ्याच्या दिशेचे आणि मागाचे, म्हणजे जमिनीवर उमटलेल्या पावलांच्या खुणांचे सखोल ज्ञान होते.

या ज्ञानाला नियमांची जोड होती. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि मानवशास्त्रज्ञ कैलास मल्होत्रा यांनी पश्चिम महाराष्ट्रातील भटक्या समाजांचा अभ्यास केला, तेव्हा एकाच प्रदेशात फिरणाऱ्या समाजांनी रानचे अन्न जणू आपापसांत वाटून घेतल्याचे त्यांना दिसले. तिरमल नंदीवाले कुत्र्यांच्या मदतीने रानडुक्कर, साळिंदर आणि घोरपड धरत. वैदू मुंगूस, रानमांजर यांसारखे लहान मांसभक्षक प्राणी आणि पाण्यातली कासवे धरत. तर फासेपारधी काळवीट आणि पक्षी यांवर अवलंबून असत. शिवाय फासात गाभण मादी किंवा पाडस सापडले तर ते सोडून देण्याची रीत फासेपारध्यांमध्ये होती. ज्याचे उद्याचे अन्न त्याच रानातून यायचे आहे, त्याला आजच सगळे रान रिकामे करून चालत नाही, हे व्यवहारज्ञान या रीतीमागे होते.

शेती करणाऱ्या गावांतही पारध होती, पण तिचे स्वरूप सामूहिक होते. कोकणात आणि घाटमाथ्यावर पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकरांसाठी हाका घालत; म्हणजे गावातील माणसे आणि कुत्री ओरडा करत रान उठवत आणि ठरलेल्या वाटांवर बसलेले नेमबाज बाहेर पडणाऱ्या सावजावर बार टाकत. सावज पडल्यावर त्याचे वाटे घालण्याची रीत काटेकोर होती. प्रदेशाप्रमाणे तपशील बदलला, तरी ज्याचा बार लागला त्याला मानाचा जादा वाटा, हाकेकऱ्यांना सारखे वाटे, कुत्र्यांच्या मालकांना कुत्र्यांचा वाटा आणि ग्रामदेवतेचा मान ही तत्त्वे सर्वत्र आढळत. ताजे मांस साठवून ठेवण्याची सोय नसलेल्या काळात वाटणी हाच साठा होता, कारण आज शेजाऱ्याला दिलेला वाटा पुढच्या पारधीला परत येत असे. या सहभागाला दैवी आधारही होता: मराठी लोकांचे कुलदैवत खंडोबा हा स्वतः शिकारीला जाणारा देव आहे आणि घोडा व कुत्रा हे त्याचे सोबती आहेत.

पाण्यातली पारध

गोड्या पाण्यातील मासेमारीचा वार्षिक क्रम पावसाशी बांधलेला होता. मृगाच्या पहिल्या जोरदार सरींनी ओढे वाहू लागले की मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध चढून ओहोळांत आणि भातखाचरांत शिरतात. रायगड-ठाणे भागात यांना वलगणीचे मासे आणि दक्षिण कोकणात चढणीचे मासे म्हणतात. या दिवसांत पाग म्हणजे हाताने फेकायचे गोल जाळे, बांबूच्या कामट्यांचे सापळे आणि नुसते हात यांनी मासे धरले जात, रात्री उजेड घेऊन खेकडे आणि भाताच्या बांधांवरचे मुठे पकडले जात. उन्हाळ्यात डोह आटू लागले की सह्याद्रीतील लोक रामेठ्याची किंवा गेळ्याच्या फळांची ठेचणी पाण्यात मिसळून मासे गुंगवत. हे काम एकट्याचे नसे. सारी वाडी डोहावर जमे आणि मिळालेले मासे वाटून घेई.

या माशांची नावे विज्ञानाच्या भाषेत पोचली ती डब्ल्यू. एच. साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यामुळे. मुंबई सरकारच्या नोकरीत दख्खनची पाहणी करताना त्याने भीमेच्या खोऱ्यातील नद्यांतून मासे गोळा केले आणि त्यांना शास्त्रीय नावे देताना अनेकदा स्थानिक नावेच उचलली. ‘खुदरी’, ‘कोलस’ आणि ‘नुक्ता’ ही नावे अशा रीतीने जागतिक मत्स्यशास्त्रात कायमची राहिली. त्यांतील ‘खुदरी’ म्हणजे दख्खनचा महसीर, ज्याची पहिली शास्त्रीय नोंद पुण्याच्या पूर्वेकडील मुळा-मुठा नदीतून झाली.

मासे धरण्याबरोबर ते राखण्याचीही परंपरा होती. महाड तालुक्यात काळ नदीवरील वाळण कोंड येथील डोहातले महसीर वरदायिनी देवीचे मानले जातात आणि त्यांना कोणी हात लावत नाही. देवराईत कुऱ्हाड चालत नाही, तसे देवाच्या डोहात जाळे पडत नाही. नदीच्या एका भागात मासा निर्भय राहिला की बाकीच्या भागात त्याची वीण पोचते, हे या श्रद्धेचे प्रत्यक्ष फळ होते. समुद्रावरील कोळ्यांनी नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ठेवण्याची जी रीत पाळली, तिचा परिणामही तसाच होता. आज कायद्याने लागू असलेली १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी त्याच जुन्या शिस्तीशी मिळतीजुळती आहे.

चुलीवरची रीत

रानच्या मांसात चरबी कमी आणि तंतू चिवट असतो, त्यामुळे त्याचा स्वयंपाक पाळीव जनावराच्या मांसापेक्षा वेगळा होत असे. रानडुकराचे केस वाळल्या गवताच्या किंवा पेंढ्याच्या जाळात होरपळून काढत आणि कातडी मांसासोबतच ठेवत. मानसोल्लासातील गवताच्या जाळाची रीत आठ शतकांनंतरही खेड्यात टिकून होती, हे येथे ध्यानात येते. मांस हळद आणि मीठ लावून हंडीत मंद आचेवर दीर्घकाळ शिजवत. आधी निघणारे अळणी पाणी लहान मुलांना आणि आजाऱ्यांना देत आणि उरलेल्यात घाटावर काळा मसाला व सुके खोबरे, तर कोकणात भाजलेल्या ओल्या खोबऱ्याचे वाटण घालून रस्सा करत. मांसाच्या पदार्थाला कोकणात सागोती आणि देशावर वशाट म्हणतात. ससा आणि तित्तर यांसारखे कमी चरबीचे मांस सुके परतले जाई, कारण पाण्यात ते आपली चव गमावते. मुठ्यांचे आणि लहान खेकड्यांचे पाय ठेचून, त्यांचा रस गाळून कालवणात सोडत, ज्यामुळे कालवण दाटही होई आणि कवचातले कणभर मांसही वाया जात नसे.

ज्यांच्याकडे तेल आणि मसाला नव्हता, त्यांच्या स्वयंपाकात विस्तव हेच मुख्य साधन होते. मासे पानात गुंडाळून निखाऱ्यात भाजणे, उंदीर जाळावर होरपळून साफ करणे, जास्तीच्या मांसाच्या पट्ट्या आणि लहान मासळी उन्हात वाळवणे या रीतींना भांडे जवळजवळ लागतच नाही. उंदराच्या बिळात साठलेले भात किंवा ज्वारीचे दाणे उकरून काढणे हाही कातकरी आणि वडार यांच्या अन्नशोधाचा भाग होता. शेतकऱ्याचे नुकसान करणारा प्राणी त्यामुळे कमी होई आणि उपाशी घरात धान्यही येई.

शिकारखाना आणि साहेबाची बंदूक

सत्ताधाऱ्यांची शिकार याच रानात, पण वेगळ्या हेतूने चालत असे. साताऱ्याचे छत्रपती शाहू महाराज शिकारीचे मोठे शौकीन होते. वाघाच्या तावडीतून आपल्याला वाचवणाऱ्या खंड्या नावाच्या कुत्र्याचा त्यांनी केलेला सन्मान इतिहासात नोंदला गेला आहे आणि त्याचे स्मारक संगम माहुली येथे आहे. पेशव्यांनी पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी शिकारखाना ठेवला होता, पण तो पाळलेल्या रानटी प्राण्यांचा संग्रह होता आणि त्याचा स्वयंपाकाशी संबंध नव्हता.

इंग्रजी अमलात अहमदनगर आणि पुणे भागातील घोडदळाचे अधिकारी भाल्याने रानडुकरे मारण्याच्या खेळासाठी प्रसिद्ध झाले आणि खानदेशात भिल्ल पलटणीची उभारणी करणारा जेम्स औट्रम वाघांच्या शिकारीसाठी नावाजला गेला. या सर्व शिकारींत माग काढणारे भिल्ल आणि पारधी होते, हाका घालणारे गावकरी होते. त्यांचे ज्ञान वापरले गेले, पण सावज आणि कीर्ती साहेबाची झाली. काळवीट आणि माळढोक यांसारख्या माळरानावरील प्राण्यांवर सर्वांत मोठा घाव पडला तो लांब पल्ल्याच्या बंदुकीमुळे, पुढे मोटारीतून केलेल्या शिकारीमुळे आणि माळ नांगराखाली गेल्यामुळे. माळढोकाचे मांस रुचकर मानले जाई. आज तो पक्षी महाराष्ट्रातून जवळपास नाहीसा झाला आहे.

या काळात वेगळा विचार करणारा एक राजा कोल्हापुरात झाला. राजर्षी शाहू महाराज स्वतः निष्णात शिकारी होते आणि चित्त्यांकरवी हरणे मारण्याची कला त्यांच्या संस्थानात टिकून होती. परंतु फासेपारध्यांचे कसब त्यांनी गुन्ह्याच्या संशयाने पाहिले नाही. त्यांनी पारध्यांना काम आणि राहायला जागा दिली व त्यांच्यावर विश्वास टाकला.

कायद्याची चौकट

१८७८ साल हे महाराष्ट्रातील पारधीच्या इतिहासातील निर्णायक वर्ष मानावे लागेल. त्या एकाच वर्षी वन कायदा आणि शस्त्र कायदा असे दोन कायदे झाले. पहिल्याने राखीव जंगलात नियमबाह्य शिकार करणे, मासे धरणे, पाण्यात विष टाकणे आणि सापळे लावणे हे गुन्हे ठरले. दुसऱ्याने बंदुकीसाठी परवाना आवश्यक झाला. परवाना आणि परवानगी ज्यांना मिळू शकत होती, त्यांची शिकार चालू राहिली. ज्यांच्याकडे फासे, तिरकमठा आणि पाग एवढेच होते, त्यांचे रोजचे अन्न चोरीत मोजले जाऊ लागले. डोंगरउतारावरील फिरती शेती आणि काताचा धंदा यांवरही याच वनव्यवस्थेने गदा आणली, त्यामुळे कातकऱ्यांसारख्या समाजाचे तीनही आधार एकाच वेळी खचले. १८९७ च्या मत्स्य कायद्याने पाण्यात सुरुंग लावणे आणि विष घालणे या दोन्ही कृतींना गुन्हा ठरवले. डोहातील सर्व जीव एका स्फोटात मारणारा सुरुंग आणि रामेठ्याची ठेचणी यांना कायद्याने एकाच पंगतीत बसवले.

माणसालाच गुन्हेगार ठरवणारा कायदा याआधीच आला होता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची व्याप्ती पुढे मुंबई इलाख्यापर्यंत वाढली आणि पारध्यांसह अनेक भटक्या समाजांवर जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का बसला. हजेरी, बंदिस्त वसाहती आणि फिरण्यावरील निर्बंध त्यांच्या वाट्याला आले. फिरणे थांबले की पारध थांबते, आणि पारध थांबली की उपासमार सुरू होते. हा कायदा १९५२ साली रद्द झाला. तरी १९५९ च्या मुंबई सराईत गुन्हेगार कायद्याच्या रूपाने संशयाची सावली मागे राहिली.

स्वातंत्र्यानंतरही काही काळ परवानाधारक शिकार चालू होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला लगाम घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीने उरलीसुरली वाट बंद केली. हा कायदा आवश्यक होता, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. रेहेकुरीच्या अभयारण्यात आज काळविटांचे कळप दिसतात ते संरक्षणामुळेच. इतक्या आटलेल्या रानांत पारधीला पुन्हा मोकळीक देण्याचा विचार कोणताही जबाबदार अभ्यासक करणार नाही. परंतु रान आटण्याला जे कारणीभूत होते आणि रान बंद झाल्याची किंमत ज्यांनी मोजली, ते दोन वेगळे लोक होते, हे इतिहासाने नोंदवलेच पाहिजे. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलातील पाणवठ्यांतल्या माशांवर तेथील समाजाचा सामूहिक हक्क मान्य केला. त्याच कायद्याने शिकारीचा आणि सापळे लावण्याचा पारंपरिक हक्क मात्र स्पष्ट शब्दांत वगळला. पाण्यातली पारध हक्क ठरली आणि जमिनीवरची पारध संपली.

सोपाऱ्याचा शिलालेख आणि हे आधुनिक कायदे शेजारी ठेवले की एक फरक स्पष्ट दिसतो. अशोकाने मृगयेचा त्याग सांगताना आरंभ स्वतःच्या यात्रेपासून आणि स्वतःच्या स्वयंपाकघरापासून केला होता. एकोणिसाव्या शतकातील बंदी मात्र सर्वांत आधी सर्वांत गरीब माणसाच्या चुलीपर्यंत पोचली आणि सत्तावानाच्या बंदुकीपर्यंत पोचायला तिला सुमारे शंभर वर्षे लागली. रानाचे रक्षण व्हायलाच हवे. पण ज्यांच्या तोंडचे अन्न त्या रक्षणासाठी काढून घेतले गेले, त्या पारधी, कातकरी, वैदू आणि वडार समाजांना जमीन, शिक्षण, सन्मानाचे काम आणि पाण्यावरचा हक्क प्रत्यक्षात मिळणे हा त्या रक्षणाचाच उरलेला अर्धा भाग आहे, आणि तो अजून पुरा झालेला नाही.